रन की जॅम? नाशकात स्केटबोर्डिंगची स्पर्धा भरवण्याआधी

गंगापूर रोडच्या बाजूला पोरांची स्पर्धा घ्यायचं ठरलं की पहिला वाद हाच होतो: ऑलिंपिकसारख्या रन (ठरलेल्या वेळात एकट्याने स्केटिंग) आणि ट्रिक (एकेक सुटी करामत) ठेवायच्या, की सरळ जॅम, म्हणजे बरेच जण एकदम उतरवायचे? मी दोन्ही करून पाहिलंय.

रन-ट्रिकचा मोह मला २०२४ च्या पॅरिसने घातला. ४५ सेकंदांच्या दोन रन, मग सुट्या पाच ट्रिक. त्यातली सगळ्यात चांगली एक रन आणि दोन ट्रिक धरायच्या. जपानचा युतो होरिगोमे शेवटच्या ट्रिकपर्यंत पदकाच्या बाहेर होता. त्या ट्रिकला ९७.०८ मिळाले आणि २८१.१४ विरुद्ध २८१.०४ अशा फरकाने अमेरिकेच्या जॅगर ईटनच्या तोंडचं सोनं गेलं. म्हटलं, आपल्याकडेही असंच करू.

२४ पोरं आली. सातपूरहून रेल (बोर्ड घसरवायचा लोखंडी दांडा) वेल्डिंग करून आणली होती, पंच पाच. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढायची, टोकियो ऑलिंपिकमध्ये काढायचे तशी. आता हिशेब बघा: २४ पोरांच्या पाच-पाच म्हणजे १२० ट्रिक, आणि प्रत्येकीनंतर आमचं मिनिटभर थांबणं. दोन तास नुसते थांबण्यात! अमेरिकी स्केटबोर्डर रॉब डिर्डेकच्या स्ट्रीट लीग या व्यावसायिक स्पर्धेने २०१० पासून ट्रिक संपताच गुण पडद्यावर आणले; आमच्याकडे एक कॅल्क्युलेटर आणि बारावीतला एक मुलगा. तोवर पोरं कडेला बसून राहायची, पाय गार पडायचे. सरावात डोळे मिटून किकफ्लिप (उडी मारत बोर्ड पायाखाली फिरवणं) मारणारा एक जण पाचही वेळा पडला. मला तरी तो दोष त्याच्या पायांचा वाटला नाही. वर ‘साहेब, आमच्या पोराला दहापैकी ६.२ कसे?’ म्हणत पालक टेबलाशी.

जॅममध्ये सहा जण एकदम उतरतात, दहा मिनिटं ज्याला जे सुचेल ते मारायचं, पंच एकूण छाप बघून क्रम लावतात. चार गट, ४० मिनिटं, संपलं. एकाने रेलवर काही लावलं की दुसऱ्याला चेव येतो. रांगेत बसून तो येत नाही.

खोट आहेच. दांडगी पोरं रेल अडवून धरतात, बुजरी मागे राहतात, धडकही होते. म्हणून लहानांचा गट वेगळा ठेवा आणि रेलपाशी एक मोठा मुलगा उभा करा. कुणाची नजर वरच्या निवडीवर असेल तर मात्र रनची सवय हवीच, कारण वर्ल्ड स्केट या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत पोरगा एकटाच उतरतो. तुमचं गणित तसं असेल तर माझं ऐकू नका.

यंदा आमच्याकडे जॅमच आहे. फक्त अंतिम फेरीतल्या सहा जणांना तीन-तीन ट्रिक एकेकट्याने देणार. सहा त्रिक अठरा. तेवढं थांबणं चालतं.