फोनसोबत आलेली नकोशी ॲप्स आणि ‘युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर’ : वापरून पाहिल्यानंतर

आईचा फोन माझ्या हातात आला तेव्हा वरून खाली ओढलेल्या पट्टीत अकरा सूचना होत्या आणि त्यांतली एकही कुणा माणसाने पाठवलेली नव्हती. एक ॲप गेम खेळायला बोलावत होते, दुसरे ‘फोन मंदावला आहे, आता साफ करा’ असे बजावत होते, फोन बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे ॲप-दुकान पाच नवी ॲप्स सुचवत होते आणि लॉक स्क्रीनवरचे चित्र दर वेळी बदलून त्याखाली कुठली तरी बातमी उघडायला सांगत होते. “अरे, यातलं मी काहीच घेतलेलं नाही. मावशीचा मेसेज शोधायचा तर आधी हे सगळं बाजूला सारावं लागतं,” असे आई म्हणाली, आणि तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. फोन नवा होता आणि त्यात तिने स्वतः उतरवून घेतलेली ॲप्स मोजून सहा होती.

सुरुवात मी सेटिंग्जपासूनच केली आणि ज्याला हा त्रास होतो त्याने तीच करावी, असे मला वाटते. फोनसोबत आलेले गेम आणि खरेदीची दोन-तीन ॲप्स नेहमीच्या पद्धतीने निघून गेली, कारण ती फोनच्या त्याच भागात ठेवलेली असतात जिथे आपण उतरवलेली ॲप्स राहतात. काही ॲप्सना ‘अनइन्स्टॉल’चे बटण नव्हते, पण ‘डिसेबल’चे होते; तीही मी बंद केली. खरी अडचण उरलेल्यांची होती. लॉक स्क्रीनवर चित्रे बदलणारे ॲप, कंपनीचे ॲप-दुकान, फोन ‘साफ’ करणारे ॲप, आणि पडद्यावर ज्यांचे चिन्हही दिसत नाही अशा, जाहिराती पुरवण्याच्या कामी येणाऱ्या दोन सेवा यांच्यासमोरचे बटण फिकट करून ठेवलेले होते आणि ते दाबले जात नव्हते.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे साधन हाती घेऊ नये. अँड्रॉइड फोनमधली साठवण वेगवेगळ्या विभागांत वाटलेली असते. ज्या विभागात खुद्द प्रणाली असते त्यातून फक्त वाचता येते, त्यात वापरणाऱ्याला काही लिहिता किंवा पुसता येत नाही. फोन सुरक्षित राहावा म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. मात्र याच कुलूपबंद विभागात कंपनी आपली आणि ज्यांच्याशी तिचा करार झाला आहे त्यांची ॲप्सही ठेवून देते, आणि मग कॅमेऱ्याला जे संरक्षण मिळते तेच जाहिरातीच्या सेवेलाही मिळते. त्यातच अशा ॲपची नवी आवृत्ती आली की ती वापरणाऱ्याच्या विभागात वेगळी उतरते, त्यामुळे एकाच ॲपच्या दोन प्रती फोनमध्ये राहतात.

‘युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर नेक्स्ट जनरेशन’ हा प्रोग्राम इथे कामाला येतो. मूळ प्रोग्रामचे काम थंडावल्यावर स्वयंसेवकांनी त्याची ही नवी शाखा पुढे चालवली आहे. तो मुक्त परवान्याखाली मोफत मिळतो, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि त्यासाठी फोन ‘रूट’ करावा, म्हणजे प्रणालीची कुलपे उघडून तिच्यावर पूर्ण ताबा मिळवावा, लागत नाही. फोनशी बोलण्यासाठी तो गूगलनेच विकासकांसाठी दिलेली एडीबी ही जोडणी वापरतो. ती संगणकावर आधी वेगळी बसवून घ्यावी लागते आणि नवख्या माणसाची पहिली अडचण बहुधा इथेच होते.

फोनच्या बाजूने करायची तयारी लहान आहे. ‘फोनविषयी’ या पानावरच्या बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवले की विकासकांसाठीचे पर्याय खुले होतात; त्यात यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलने जोडलेल्या संगणकाकडून आज्ञा घेण्याची सोय, सुरू करायचे, केबल जोडायची आणि ‘या संगणकाला परवानगी द्यायची का’ असे फोनने विचारले की हो म्हणायचे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याखेरीज आणखी एक सुरक्षेचा पर्याय चालू करावा लागतो. केबल मात्र नुसती चार्जिंगची चालत नाही, तिच्यातून माहितीही जाऊ शकली पाहिजे. माझी अर्धी संध्याकाळ याच कारणाने गेली.

जोडणी झाल्यावर पडद्यावर फोनमधल्या सगळ्या पॅकेजची, म्हणजे दिसणाऱ्या ॲप्सची आणि पडद्याआड चालणाऱ्या सेवांची, यादी येते आणि ती पाहून छाती दडपते, कारण आईच्या फोनमध्ये ती चारशेच्या आसपास होती. प्रत्येक नाव तांत्रिक रूपात, टिंबांनी जोडलेले असते आणि वाचून बहुतेकदा काहीच उमगत नाही. या प्रोग्रामचे खरे मोल इथे कळते. नावावर क्लिक केले की खाली ते पॅकेज काय करते आणि ते काढल्याने काय बिघडू शकते याची माहिती येते, आणि प्रत्येकाला चारपैकी एक शेरा दिलेला असतो: काढण्यास योग्य, जाणकारांसाठी, तज्ज्ञांसाठी आणि असुरक्षित. ही माहिती अनेक लोकांनी आपापल्या फोनवर प्रयोग करून, चुका करून आणि त्या नोंदवून गोळा केलेली आहे. निव्वळ ॲप काढण्याची आज्ञा तर कुणीही एका ओळीत टंकू शकतो. कुठले काढावे आणि कुठल्याला हात लावू नये हे सांगणारी ही नोंदवही दुसरीकडे एवढ्या व्यवस्थित रूपात मला मिळाली नाही. ज्यांच्याविषयी अजून कुणी काही लिहिलेले नाही अशी पॅकेजही यादीत असतात. ती मी तशीच राहू दिली आणि इतरांनीही राहू द्यावीत.

‘काढणे’ या शब्दाचा इथला अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. हा प्रोग्राम ॲप कुलूपबंद विभागातून पुसत नाही, तो ते फोनच्या चालू वापरकर्त्यापुरते काढून टाकतो. ॲपची मूळ प्रत प्रणालीच्या विभागात झोपलेली राहते, पण ते सुरू होत नाही, सूचना पाठवत नाही, नेटवर्क वापरत नाही आणि आपल्या परवानग्याही वापरू शकत नाही. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे मूळ प्रतीची जागा मोकळी होत नाही. मोकळी होते ती नंतर उतरलेल्या आवृत्त्यांची आणि ॲपने साठवलेल्या माहितीची. आईच्या फोनमध्ये ती दीड जीबीच्या घरात भरली, पण हे फोनगणिक बदलेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: मूळ प्रत शाबूत असल्यामुळे काढलेले ॲप परत आणता येते, आणि त्यासाठी त्याच यादीत ‘रिस्टोअर’चे बटण आहे. ॲप परत येते, मात्र त्यात आपण साठवलेली माहितीही परत येईल असे धरून चालू नये. कंपनीचे टिपणांचे किंवा फोटोंचे ॲप काढण्याआधी त्यात घरातल्या कुणी काही ठेवले आहे का, हे त्या माणसालाच विचारून घ्यावे.

या परतीच्या वाटेचा उपयोग मला दुसऱ्याच दिवशी करावा लागला. आईकडे प्रिंटर नाही, म्हणून छपाईची रांग सांभाळणारे ‘कॉम डॉट अँड्रॉइड डॉट प्रिंटस्पूलर’ हे पॅकेज मी काढून टाकले होते. दुसऱ्या दिवशी तिला विजेच्या बिलाची पावती पीडीएफ म्हणून जतन करायची होती आणि तो पर्यायच उघडेना, कारण कागदावर छापणे आणि पीडीएफ बनवणे ही दोन्ही कामे अँड्रॉइडमध्ये त्याच पॅकेजमधून होतात. चूक माझी होती. नावावरून मी अंदाज बांधला आणि त्याची माहिती वाचली नाही. फोन पुन्हा जोडला, यादीत ‘काढलेली’ एवढीच पॅकेज दिसतील असे केले, ते परत बसवले आणि पावती लगेच जतन झाली. एका दमात शंभर पॅकेज काढली असती तर यातले नेमके कुठले नडले हे शोधण्यात सगळा दिवस गेला असता. म्हणून एका वेळी पाच-सहाच काढावीत, फोन एकदा बंद करून चालू करावा, कॉल, कॅमेरा, ब्लूटूथ आणि गजर तपासावेत आणि दोन दिवस वापरून मगच पुढे जावे.

‘असुरक्षित’ शेरा असलेल्या पॅकेजना हात लावू नये, हे वेगळे सांगायला हवे. प्रोग्राम ती सहजासहजी निवडूही देत नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये जाऊन तज्ज्ञांचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. तरीही ती काढली तर फोन चालू होताना मध्येच अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत राहू शकतो आणि तेव्हा सगळी माहिती पुसून फोन मूळ स्थितीला नेण्याखेरीज मार्ग उरत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घेणे मी अनिवार्य मानतो.

शेवटी आईच्या फोनमधून एकतीस पॅकेज गेली. बॅटरी फार जास्त टिकू लागली असे मी म्हणणार नाही, मला तसा ठळक फरक दिसला नाही. सूचनांची पट्टी मात्र ओळखू न येण्याइतकी शांत झाली, लॉक स्क्रीनवर तिने लावलेला फोटो टिकून राहिला आणि कमी रॅमच्या त्या फोनवर एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना होणारा खोळंबा कमी झाला. माझ्या लेखी यापेक्षाही मोठा लाभ खासगीपणाचा आहे. फोनसोबत आलेल्या ॲप्सना अनेकदा अशा परवानग्या आधीच मिळालेल्या असतात, ज्या मागताना बाहेरून उतरवलेल्या ॲपला आपल्याला विचारावे लागते. २०१९ मध्ये स्पेन आणि अमेरिकेतील संशोधकांनी २१४ कंपन्यांच्या १,७४२ उपकरणांवरची ८२ हजारांहून अधिक आधीपासून भरलेली ॲप्स तपासली, तेव्हा वापरणाऱ्याची माहिती गोळा करणारे जाहिरात आणि मागोवा कंपन्यांचे घटक त्यांत मोठ्या प्रमाणावर आढळले होते.

प्रोग्राममध्ये उणिवा आहेत. सगळी माहिती इंग्रजीत आहे, त्यामुळे ज्यांना याची सर्वाधिक गरज आहे अशी वडीलधारी माणसे तो स्वतःहून वापरू शकतील असे मला वाटत नाही. घरातल्या कुणीतरी शेजारी बसूनच हे करावे लागेल. माहितीचा दर्जाही एकसारखा नाही. काही पॅकेजविषयी परिच्छेदभर मजकूर आहे, तर काहींविषयी एका वाक्यात गुंडाळलेले आहे. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांच्यासाठी ‘कँटा’ हे ॲप ‘शिझुकू’च्या, म्हणजे इतर ॲप्सना फोनवरच एडीबीचे अधिकार मिळवून देणाऱ्या ॲपच्या, आधाराने हेच काम थेट फोनवर करते आणि अँड्रॉइड ११ पासून आलेल्या वायरलेस डीबगिंगमुळे केबलही लागत नाही. मी ते माझ्या जुन्या फोनवर वापरले आणि ते नीट चालते, फक्त फोन बंद करून चालू केला की शिझुकू पुन्हा सुरू करावे लागते. यादी वाचण्यासाठी मला संगणकाचा मोठा पडदाच बरा वाटतो.

काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करायला विसरू नये. ते सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, शिवाय बँकांची काही ॲप्स विकासकांचे पर्याय चालू असताना उघडायलाच नकार देतात.

हे सगळे केल्यावरही एक प्रश्न मनातून जात नाही. आपण विकत घेतलेल्या वस्तूतून नको असलेला भाग काढण्यासाठी विकासकांच्या वाटेने का जावे लागते? ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० पासून आपली बरीचशी अंगभूत ॲप्स हटवण्याची सोय फोनमध्येच दिली. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यानेही मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर असे बंधन घातले आहे की, प्रणाली चालण्यासाठी अत्यावश्यक असलेली सोडून बाकीची ॲप्स वापरणाऱ्याला सहज काढता आली पाहिजेत. म्हणजे ते बटण देणे शक्य आहे, आणि ते प्रत्येक फोनमध्ये असायला हवे असे मला मनापासून वाटते. तोवर हा प्रोग्राम मी विश्वासाने सुचवेन, पण जो माहिती वाचूनच काढील त्यालाच.

तीन महिन्यांनी प्रणालीची मोठी सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यासोबत काढलेल्यांपैकी दोन ॲप्स परत अवतरली. मोठ्या सुधारणेनंतर असे होऊ शकते, आणि फोन मूळ स्थितीला नेला तर सगळीच परततात. आधीच्या खेपेला मी प्रोग्राममधूनच फोनच्या स्थितीची नोंद संगणकावर जतन करून ठेवली होती, त्यामुळे या वेळी शोधाशोध करावी लागली नाही. त्याखेरीज एकतीस नावांची यादी आईच्या फोन नंबरांच्या वहीत शेवटच्या पानावर मराठीत लिहून ठेवली आहे, प्रत्येकापुढे ते ॲप काय करत होते आणि का काढले याचे एकेक वाक्य आहे, कारण उद्या फोन दुरुस्तीला गेला आणि मी जवळ नसलो तर त्यातून काय काढलेले आहे हे तिला समोरच्याला दाखवता आले पाहिजे.