एस७-१२०० चा सीपीयू १२१४सी: यंत्र चोख, हिशेब तुमचा

पॅकिंग मशीन, कन्व्हेयर, पंपिंग पॅनेल, छोटं टेस्ट रिग अशा ३० ते ८० पॉइंटच्या (इनपुट-आउटपुटच्या) कामाला सीमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरचा, सीपीयू १२१४सी डोळे झाकून घ्यावा, पण बाकीचं मटेरियल डोळे उघडे ठेवून. सीपीयू सहसा दगा देत नाही. अडतं ते कोटेशनमध्ये न लिहिलेल्या गोष्टींवर.

आधी खरेदी. सीपीयूवरच १४ डिजिटल इनपुट, १० आउटपुट आणि २ अॅनालॉग इनपुट मिळतात. उजवीकडे ८ सिग्नल मॉड्यूल, डावीकडे ३ कम्युनिकेशन मॉड्यूल आणि तोंडावर एक सिग्नल बोर्ड लावता येतो. ऑर्डर नंबरातली अक्षरं नीट वाचा. एजी म्हणजे २४ व्होल्ट सप्लाय आणि ट्रान्झिस्टर आउटपुट, बीजी म्हणजे २३० व्होल्ट सप्लाय आणि रिले, एचजी म्हणजे २४ व्होल्ट सप्लाय आणि रिले. ‘कशाला वेगळे रिले लावा’ म्हणून अनेक जण रिलेवाला उचलतात. त्याच्या कॉन्टॅक्टचं आयुष्य पूर्ण लोडवर एक लाख वेळा चालू-बंद होण्याइतकं. दर १० सेकंदांनी चालणारा सोलेनॉइड पूर्ण लोडवर असेल तर हा आकडा बारा दिवसांत संपतो. शिवाय स्टेपर किंवा सर्व्होला पल्स द्यायचे असतील तर रिले चालतच नाही. एजी घ्या आणि बाहेर सॉकेटवाले इंटरफेस रिले लावा. जळाला तर रिले बदलायचा, सीपीयू नाही.

बसवणं सोपं आहे. ३५ मिमीची डिन रेल, वर-खाली २५ मिमी मोकळी जागा. आडव्या रेलवर ६० अंशांपर्यंत चालतो, उभ्या रेलवर ५०. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधल्या पॅनेलच्या आत काय तापमान असतं ते आठवा आणि उभा लावायचा मोह टाळा. सिग्नल मॉड्यूल जोडताना वरची सरकपट्टी स्क्रू ड्रायव्हरने डावीकडे पूर्ण ढकला. अर्धवट राहिली तर मॉड्यूल सापडतच नाही आणि माणूस तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. मॉड्यूल काढणं-घालणं कायम सप्लाय बंद करूनच.

वायरिंगमध्ये पहिला घोळ २४ व्होल्टचा. सीपीयू सेन्सरसाठी स्वतःचा २४ व्होल्ट देतो, पण फक्त ४०० मिलिअँपिअर. समजा दोन एसएम १२२३ (इनपुट-आउटपुटची सिग्नल मॉड्यूल) जोडले, प्रत्येकी १६ इनपुट आणि १६ रिले. एका रिलेच्या कॉइलला ११ मिलिअँपिअर, म्हणजे ३२ कॉइलना ३५२. सीपीयू धरून ४६ इनपुट, प्रत्येकी ४ प्रमाणे १८४. बेरीज ५३६, आणि यात प्रॉक्सिमिटी सेन्सरचा स्वतःचा करंट अजून धरलेलाच नाही. गंमत म्हणजे टेस्टिंगच्या वेळी सगळे रिले एकदम उचलत नाहीत, त्यामुळे सगळं सुरळीत दिसतं. फुल प्रॉडक्शनला मात्र इनपुट मध्येच गळू लागतात. वेगळा एसएमपीएस, म्हणजे बाहेरचा २४ व्होल्ट पॉवर सप्लाय, घ्या. पण त्याचा प्लस सीपीयूच्या सेन्सर सप्लायच्या प्लसला समांतर जोडू नका, दोन्ही सप्लाय एकमेकांशी भांडतात. मायनस तेवढा एकत्र करा.

दुसरा घोळ ३एल+ आणि ३एम या टर्मिनलांचा. एजी मॉडेलमध्ये आउटपुटच्या गटाला सप्लाय इथूनच जातो. ही जोडणी राहिली तर आउटपुटचा एलईडी झकास पेटतो आणि बाहेर शून्य व्होल्ट. एका आउटपुटवर ०.५ अँपिअरच्या वर जाऊ नका, आणि डीसी कॉइलला उलटा डायोड हवाच. वायरला फेरूल, सोललेली लांबी ६ मिमी, स्क्रू ०.५६ न्यूटन-मीटरच्या पलीकडे आवळायचा नाही. टर्मिनल ब्लॉक ओढून निघतो, ही सोय फार चांगली. सीपीयू बदलताना एकही वायर सोडावी लागत नाही.

अॅनालॉगवर मात्र आमचा खरा राग आहे. सीपीयूवरचे दोन्ही इनपुट फक्त ० ते १० व्होल्टचे आहेत आणि प्रोसेसमधले बहुतेक ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचे. ५०० ओहमचा प्रिसिजन रेझिस्टर टाकून काम निघतं. तेव्हा ४ मिलिअँपिअरला साधारण ५५३० आणि २० ला २७६४८ हा आकडा दिसतो. नॉर्म_एक्सला (आकडा ० ते १ मध्ये बसवणारी प्रोग्रॅममधली सूचना) खालची मर्यादा ० नाही, ५५३० द्या. पण २० मिलिअँपिअरला हा रेझिस्टर लूपमधले १० व्होल्ट खातो. ट्रान्समीटरच्या वाट्याला २४ पैकी १४ च उरतात. त्याचा डेटाशीट बघून मगच हा जुगाड करा. दोनपेक्षा जास्त सिग्नल असतील तर सरळ एसएम १२३१ हे अॅनालॉग इनपुट मॉड्यूल घ्या. त्यातही चॅनल ० आणि १ ची जोडी एकाच प्रकारची ठेवावी लागते, २ आणि ३ ची तशीच. एक व्होल्टेज, एक करंट अशी खिचडी एका जोडीत चालत नाही. रिकामे इनपुट शॉर्ट करा, नाहीतर स्क्रीनवर भुतासारखे आकडे नाचतात.

एन्कोडर (फिरण्याचे पल्स देणारा सेन्सर) जोडल्यावर काउंट येत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. कारण इनपुट फिल्टर. तो मुळात ६.४ मिलिसेकंदांवर असतो, त्यातून ७८ हर्ट्झच्या वरचे पल्स जात नाहीत. हाय स्पीड काउंटर चालू केला तरी फिल्टर हाताने मायक्रोसेकंदांत आणावा लागतो.

टीआयए पोर्टल हे सीमेन्सचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर देखणं आहे आणि जड आहे. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते रांगतं, १६ जीबी आणि एसएसडी धरूनच चला. एस७-१२०० ला स्टेप ७ बेसिकचं लायसन्स पुरतं, प्रोफेशनल गळ्यात मारू देऊ नका. नवशिक्यांना हमखास चकवणारी जागा म्हणजे क्लॉक मेमरी, ठराविक वेगाने आपोआप चालू-बंद होणारे बिट. ती चालू केली की डीफॉल्टने मेमरीचा पहिला बाइट, एमबी०, व्यापते. त्यातल्याच एम०.० या बिटवर तुम्ही प्रोग्रॅममधली कॉइल ठेवली असेल तर ती सेकंदाला दहा वेळा लुकलुकते. क्लॉक एमबी१०० ला हलवा.

विजेचा लपंडाव असलेल्या ठिकाणी रिटेनची (सप्लाय गेला तरी किंमत जपण्याची) टिक विसरू नका. डेटा ब्लॉकमधला टॅग आपोआप जपला जात नाही, लाइट गेली की बॅच काउंट शून्य. याहून वाईट म्हणजे चालू मशीनवर डेटा ब्लॉकची रचना बदलून डाउनलोड करणं. ऑपरेटरने सेट केलेले टाइम आणि तापमान मूळ स्टार्ट व्हॅल्यूवर जातात. आधी ऑनलाइन स्नॅपशॉट (चालू किमतींची नोंद) घ्या, तो स्टार्ट व्हॅल्यूमध्ये उतरवा, मगच डाउनलोड. घड्याळ सप्लायविना साधारण २० दिवस टिकतं, गरम पॅनेलमध्ये १२ च धरा. लांब शटडाउननंतर तारीख तपासा.

दुसऱ्या कंपनीच्या स्काडाला (कॉम्प्युटरवरून देखरेख करणारं सॉफ्टवेअर) सीमेन्सच्या एस७ प्रोटोकॉलने डेटा वाचायचा असेल तर पुट/गेटची (बाहेरून वाचण्या-लिहिण्याची) परवानगी आणि नॉन-ऑप्टिमाइझ्ड (ठरलेल्या पत्त्यांचा) डेटा ब्लॉक, दोन्ही सहसा लागतात. १२१४सी ला इथरनेटचं एकच पोर्ट आहे, त्यामुळे एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) लावला की लॅपटॉपला जागा नाही. स्विच आधीच बिलात धरा किंवा दोन पोर्टवाला १२१५सी घ्या. मेमरी कार्ड विंडोजमध्ये फॉरमॅट केलं की कामातून गेलं. आणि पॅनेल ताब्यात घेताना सोर्स प्रोजेक्ट, सगळे पासवर्ड आणि पोर्टलची आवृत्ती लेखी मागा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि ते कळतं नेमकं मशीन बंद पडल्यावर.