पोकळ रबरी खेळणं आणि हिरवी नेट: फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी काय घ्यावं, काय नाही

फ्लॅटमध्ये कुत्रं सतत भुंकतं, सोफा-टेबल कुरतडतं, त्यासाठी तीन गोळे एकावर एक रचल्यासारखं दिसणारं, आतून पोकळ असलेलं रबरी खेळणं घ्यावं का? घ्यावं. पण रिकामं समोर टाकायचं असेल तर पैसे वाया जातील. त्याची सगळी करामत आत काय भरता आणि ते कोणत्या वेळी देता, यातच आहे.

वणी, पुसद, काटोलसारख्या गावांत ढोरांच्या औषधांच्या दुकानात पट्टे आणि शाम्पू मिळतात, चांगलं खेळणं क्वचितच. ते ऑनलाइन तरी मागवावं लागतं, नाहीतर नागपूर-अमरावतीहून आणावं लागतं. या प्रकारात काँग ही जुनी कंपनी आहे. त्यांचं लाल रबर साधारण जोराने चावणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी, काळं जास्त कडक असून जबड्याच्या जोरकस कुत्र्यासाठी, आणि पिल्लांचं वेगळं, मऊ. मापाला कंजुषी नको. खेळणं अख्खं तोंडात मावत असेल तर ते घशात अडकू शकतं. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला मध्यम, लॅब्राडोरला मोठं. शंका असेल तर एक माप वरचंच घ्या.

स्वस्तातलं घेताना दोन गोष्टी हातात धरून बघा. पहिली, भोकं दोन हवीत: एक मोठं आणि विरुद्ध टोकाला एक बारीक. भोक एकच असलं आणि कुत्रं आतलं चाटायला लागलं, की हवेला वाट मिळत नाही. जीभ आत ओढली जाते, सुजते आणि निघता निघत नाही. दुसरी, अंगठ्याचं नख रबरात दाबून बघा. थोडा तरी दाब घेतला पाहिजे. नख अजिबात रुतत नसेल इतकी कडक वस्तू दाढ फोडते.

भरायला विकतची पेस्ट लागत नाही. ज्वारीच्या कण्या घट्ट शिजवा, थंड झाल्यावर दोन चमचे दही कालवा, त्यात उकडलेल्या लाल कोहळ्याच्या फोडी किंवा चिकनचे बिनहाडाचे तुकडे घाला. मीठ नको, फोडणी नको. मध्यम खेळण्यात साधारण अर्धी वाटी मावतं, तेवढं त्याच्या रोजच्या जेवणातून कमी करा. बारीक भोक आधी फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) कुटाच्या छोट्या गोळीने बुजवा, मग मिश्रण भरा आणि खेळणं पेल्यात उभं ठेवून चार-पाच तास फ्रीजरमध्ये गोठवा. लाइन गेली आणि नीट गोठलं नाही तर कुत्रं ते भराभर संपवतं, म्हणून दोन खेळणी आळीपाळीने वापरणं सोयीचं पडतं. घट्ट गोठलेलं बरंच जास्त वेळ पुरतं. उन्हाळ्यात तर त्याला तेवढाच गारवा.

कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट यांतलं काहीही आत जाऊ देऊ नका. विकतचं पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते वाचा. साखरेऐवजी घालतात तो हा गोड पदार्थ कुत्र्याला विषारी आहे. रविवारच्या मटणाची हाडंही नकोत. शिजलेलं हाड टोकदार तुकडे होऊन फुटतं आणि रश्श्यात कांदा-लसूण असतोच.

बहुतेक लोकांचं इथे चुकतं: पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठवून देतात. कुत्रं दोनदा चाटतं, काही निघत नाही म्हणून सोडून देतं आणि पुन्हा सोफ्याकडे वळतं. पहिले तीन-चार दिवस मिश्रण सैल भरा, हलवलं की पडलं पाहिजे. मग हळूहळू घट्ट करा, गोठवणं दुसऱ्या आठवड्यापासून. आणि ते भुंकायच्या आधी द्या. भुंकल्यावर दिलं तर भुंकलं की खाऊ मिळतो, हे ते दोन दिवसांत शिकतं.

हेच खेळणं निदानालाही कामाचं आहे. बाहेर जाताना भरलेलं द्या आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा. चाटून संपवलं आणि झोपलं, तर आधीचं भुंकणं बहुधा कंटाळ्याचं होतं. तोंडही लावलं नाही, दाराशी रडत राहिलं आणि तुम्ही परतल्यावर मात्र खायला बसलं, तर ते बहुधा एकटं राहायला घाबरतंय. तिथे खेळणं पुरणार नाही. दार ओढून दहा सेकंदांत परत या, मग तीस सेकंद, एक मिनिट, पाच मिनिटं, असं ते शांत असेपर्यंतच वाढवा. फरक पडत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात बोला.

गॅलरीतून दिसणाऱ्या माणसा-गाईवर भुंकणाऱ्या कुत्र्यावर मात्र खेळण्याचा उपयोग कमी. त्याला दिसणंच थांबवावं लागतं. त्यासाठी कृषी केंद्रात मीटरवर मिळणारी शेडनेट, आपली हिरवी नेट, सगळ्यात चांगली. ७५ टक्के सावलीची किंवा त्याहून दाट घ्या, पन्नासवालीतून बरंच दिसतं. रेलिंगच्या बाहेरच्या बाजूने, कुत्र्याच्या डोक्याच्या हातभर वरपर्यंत लावा आणि सुतळीऐवजी केबल टायने बांधा. आतून सुतळीने बांधलेली नेट ते आधी कुरतडतं, आणि गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनची पाळी येते.

कुत्र्याने सामान चावू नये म्हणून त्यावर मारायचा कडू स्प्रे मदतीला ठीक, एकट्याच्या भरवशावर नाही. आधी कापसाच्या बोळ्यावर मारून कुत्र्याला चाखू द्या. तोंड वाकडं केलं तरच त्याच्यावर चालणार. चौकटीला, टेबलाच्या पायांना रोज मारावा लागतो. वायरवर मारायचा असेल तर मेन स्विच बंद करून, वाळल्यावरच चालू करा. साडेतीन-चार ते सहा महिन्यांचं पिल्लू दुधाचे दात पडताना चावणारच. त्याला स्प्रेपेक्षा ओला नॅपकिन गाठ मारून, गोठवून, तुमच्या समोर चघळायला द्या.

शॉकचा पट्टा आणि तोंड आवळून बांधणं याला आमचा साफ विरोध आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. चंद्रपूर-वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांत तोंड बांधून ठेवलं तर ते जिवावर बेततं. भुंकणं थांबवायला विकतात ते, माणसाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचं यंत्रही घेऊ नका. काही दिवसांत कुत्र्याला त्याची सवय होते आणि भुंकण्याचं कारण तसंच राहतं.

आता देखभाल. आपल्याकडे मुंग्यांचा त्रास मोठा, म्हणून रिकामं झालं की तासाभरात उचला. दहीवालं उन्हात त्याहून आधीच आंबतं. गरम पाण्यात भिजवून बाटलीच्या ब्रशने दोन्ही भोकांतून घासा, पालथं वाळवा. दर आठवड्याला पिळून बघा: भोकाच्या कडेला चीर दिसली किंवा हरभऱ्याएवढा जरी तुकडा निघालेला असला, तर ते खेळणं त्याच दिवशी फेका.