खणांचं ताट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत जातो. गेल्या जूनमध्ये डॉक्टरांकडे त्याची उंची ११६ सेंटिमीटर आणि वजन २५ किलो भरलं. त्यांनी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा वाढीचा तक्ता समोर ठेवला, उंचीच्या मानानं वजन जास्त असल्याचं दाखवलं आणि समजावलं, "याला उपाशी ठेवायचं नाही की वजन उतरवायचं नाही. वजन आहे तिथं धरून ठेवा, उंची वाढू दे."

त्याच आठवड्यात तुळशीबागेतून चार खणांची स्टीलची ताटं आणली, ३२० रुपयांना एक. घरात आम्ही चौघं जेवायला बसतो, म्हणून चार घेतली. एकट्या मुलापुढे वेगळं ताट ठेवलं असतं, तर आपल्यात काहीतरी खोट आहे असंच त्याला वाटलं असतं. वजनाचा विषय त्याच्यासमोर काढायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं.

या ताटातला मोठा खण पोळी-भातासाठी असतो. आम्ही त्यात भाजी वाढतो. बाजूच्या खणात कोशिंबीर, तिसऱ्यात भाकरी किंवा भात, चौथ्यात वरण, उसळ नाहीतर अंडं. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीनं भरतं, मोजमाप करावं लागत नाही. गवार त्यानं बाराव्या खेपेला खाल्ली. तोवर दर वेळी दोन-तीन शेंगा वाढत गेलो आणि "खा" म्हणालो नाही. कारलं अजून तसंच परत येतं.

खरी अडचण पोटभर भरवण्याच्या सवयीची होती. एक घास चिऊचा, एक काऊचा, समोर मोबाइल, आणि मूल बघत असताना दोन पोळ्या आत. सासूबाईंनी मोठ्या मायेनं केलेलं ते. पानात टाकायचं नाही, ही त्यांची शिस्त मलाही पटते. म्हणून मार्ग काढला : पहिली वाढ अगदी लहान, एकच पळी, पुढचं त्यानं हातानं घ्यायचं. काय आणि कधी वाढायचं ते आम्ही ठरवतो, किती खायचं ते तो.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्यानं अर्धी पोळी खाल्ली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "आजी, झालं माझं." सासूबाईंच्या हातात तुपाचा चमचा होता. त्या क्षणभर थांबल्या, उरलेली अर्धी पोळी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि त्याला म्हणाल्या, "ऊठ, हात धू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवणाबाहेरचं खाणं हे ताट सांभाळत नाही, हे मात्र स्पष्ट सांगते. संध्याकाळच्या दुधात दोन चमचे चॉकलेट पावडर, वर साखर, सोबत बिस्किटाचा पुडा, असं चालायचं. एक चहाचा चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. हे लक्षात ठेवून पुड्यामागचे आकडे वाचले आणि हादरले. आता साधं दूध, फुटाणे, लाह्या, पेरू. पहिले पंधरा दिवस रडारड झाली. दिवाळीचा फराळ मात्र लपवला नाही. सगळ्यांबरोबर बशीत घेऊन बसून खाल्ला.

ताटाच्या तक्रारीही आहेत. वरणाचा खण उथळ आहे, ताट उचललं की ओघळ कोशिंबिरीत येतो. आम्ही शेवटी त्या खणात वाटीच ठेवायला लागलो. कोपऱ्यांत भात अडकतो, घासायला वेळ जातो. घेणार असाल तर खोल कडांचं बघा, आणि घरातल्या सगळ्यांसाठी घ्या.

मार्चमध्ये उंची १२०.५ सेंटिमीटर, वजन २५.६ किलो. तक्त्यावरचं टिंब खाली झुकलंय. नातेवाईक म्हणतात, पोरगा सुकला. सुकलेला नाही, जिना एका दमात चढतो. धाकटी तीन वर्षांची होतेय, तिच्यासाठी आता तीन खणांचं लहान ताट बघते आहे.