परदेशात फराळ विकणाऱ्या वेबसाइटला कोणता कुकी बॅनर लागतो?

चकल्या, मेतकूट, गोडा मसाला परदेशी पाठवणाऱ्या छोट्या दुकानाची वेबसाइट घ्या. तिच्यात येणाऱ्यांची मोजणी करणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स आणि फेसबुकच्या जाहिरातींसाठी पाळत ठेवणारा मेटा पिक्सेल हे दोन हेर बहुधा आधीच बसलेले असतात. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये ते छोट्या खुणा ठेवतात, त्यांना कुकी म्हणतात. वेबसाइट बनवून देणाऱ्याने ते घातलेले असतात आणि मालकाला पत्ताही नसतो. पुढे कधीतरी कुणी म्हणतं, ‘अहो, कुकीचा बॅनर लावून घ्या.’ म्हणजे या कुकींसाठी ग्राहकाची परवानगी विचारणारी पट्टी. पण बॅनर तीन तऱ्हांचे आहेत, कारण कायदेही तीन तऱ्हांचे आहेत.

सगळ्यात कडक युरोप. तिथे जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, आणि कुकीचा नियम त्याहून जुना, २००२ च्या आणि २००९ मध्ये बदललेल्या ई-प्रायव्हसी निर्देशातला आहे. नियम असा, की ग्राहकाच्या फोनवर काहीही साठवायचं किंवा तिथून वाचायचं तर आधी विचारायचं. वस्तूंची टोपली लक्षात ठेवणारी कुकी न विचारता चालते, कारण तिच्याशिवाय दुकानच चालत नाही. मोजणीची आणि जाहिरातीची चालत नाही. काही देश साध्या मोजणीला थोडी सूट देतात, पण तिच्या भरवशावर राहू नये. आधीच टिक केलेला चौकोन ही संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लॅनेट४९ खटल्यात स्पष्ट केलं. साठवलेली माहिती वैयक्तिक असो वा नसो, नियम तोच, हेही त्याच निकालात आलं. ‘स्वीकारा’ एका क्लिकवर आणि ‘नाकारा’ अनेक क्लिक आत, अशी मांडणी केल्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड लावला, तो जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. आपल्याकडचे बरेच बॅनर अजून याच मांडणीचे दिसतात.

हे पुण्यातल्या दुकानाला लागू होतं का? वेबसाइट म्युनिकमध्ये उघडते, एवढ्यावरून नाही. मराठीत किंवा इंग्रजीत आहे, त्यावरूनही नाही. पण युरोमध्ये किंमत लिहिली, ‘जर्मनीत घरपोच’ अशी पाटी लावली, की तुम्ही तिथल्या माणसाला माल देऊ करताय आणि कायद्याच्या कक्षेत येताय. त्या माणसाचं नागरिकत्व कोणतं, हे कुणी विचारत नाही. म्युनिकमध्ये राहणारा सांगलीचा इंजिनिअर त्यात येतो. शिवाय तिथल्या माणसाच्या वागण्यावर पाळत ठेवणं हेही कक्षेत येण्याचं वेगळं कारण आहे. जाहिरातीचा पिक्सेल नेमकं तेच काम करतो. नियमित विक्री असेल तर युरोपीय संघात प्रतिनिधी लेखी नेमण्याची अटही आहे, हे मात्र बॅनर विकणारे सांगत नाहीत.

कॅलिफोर्नियाची रीत उलटी. तिथे आधी विचारावं लागत नाही, पण ‘माझी माहिती विकू नका, वाटू नका’ अशी लिंक द्यावी लागते, आणि ब्राउझरने ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोलचा, म्हणजे ‘माझी माहिती विकू नका’ असा आपोआप जाणारा इशारा पाठवला तर तो मानावा लागतो. तो न मानणं हाही सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीवरच्या आरोपांचा भाग होता. २०२२ मध्ये त्या कंपनीने १२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मात्र हा कायदा मोठ्यांसाठी आहे: वर्षाला सुमारे २ कोटी ६६ लाख डॉलरहून जास्त उलाढाल, किंवा एक लाख रहिवाशांची वा कुटुंबांची माहिती विकत घेणं, विकणं वा वाटणं, किंवा निम्मं उत्पन्न माहिती विकण्या-वाटण्यातून. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला चार खोकी चिवडा पाठवणाऱ्याने याची झोप उडवून घेऊ नये.

आता आपला कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि व्यावसायिकांवरची मुख्य बंधनं मे २०२७ पासून. यात कुकीचं नावच नाही. माहितीवरून माणूस ओळखता येतो का, एवढंच पाहिलं जातं. ऑर्डरसाठी ग्राहकाने स्वतः दिलेल्या पत्त्याला आणि फोन नंबरला वेगळी संमती लागत नाही, पण त्याच नंबरवर पुढे जाहिराती पाठवायच्या तर लागते. माहिती भारतात हाताळली जात असेल तर ग्राहक कुठलाही असो, कायदा लागू. म्हणजे म्युनिकच्या त्या सांगलीकरासाठी दोन्ही कायदे. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत आणि त्यांना हेरून जाहिराती, दोन्हींना सर्वसाधारणपणे मनाई. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणि एक गोष्ट युरोपपेक्षा चांगली: संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. मराठीही आली, कोकणीही आली.

माझं मत असं: फक्त भारतात विकत असाल तर घाईने युरोपीय बॅनर विकत घेऊ नका, नोटीस मराठीत नीट लिहून घ्या, दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता येईल असं बटण ठेवा. युरोपात एकही पाटी लावली असेल, तर देशागणिक तीन बॅनर सांभाळण्यापेक्षा सगळ्यांनाच युरोपीय पद्धतीने विचारा. युरोपचा नियामक पुण्यापर्यंत येईल की नाही, हा हिशोब करू नका. गूगलच मार्च २०२४ पासून तिथल्या ग्राहकांसाठी संमतीचा सिग्नल मागतं, आणि तो नसला की त्यांना पुन्हा जाहिरात दाखवण्याची सोय जाते. आणि जाहिराती देतच नसाल तर पिक्सेल काढूनच टाका. मग बॅनरचं निम्मं काम उरत नाही.

बॅनर लावलाच, तर तो नुसता शोभेचा नाही ना, ते पाहा. लॅपटॉपवर क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, कशावरही क्लिक न करता एफ१२ दाबा आणि अ‍ॅप्लिकेशनमध्ये कुकीजची यादी बघा. ‘जीए’ किंवा ‘एफबीपी’ ही अक्षरं आधीच दिसत असतील, तर वेबसाइटवाल्याला फोन करा आणि संमतीआधी हे हेर (ट्रॅकर) बंद ठेवायला सांगा.