एसएमएसचा ओटीपी की ऑथेंटिकेटर अ‍ॅप?

मैत्रीण विचारत होती, खात्यात लॉगिन करताना पासवर्डनंतर जो दुसरा कोड लागतो त्यासाठी एसएमएस की ऑथेंटिकेटर (असे कोड बनवून देणारं अ‍ॅप), दोन्हीतलं काय ठेवू? खर्चाचा मुद्दा सोडा, त्यात फरक नाहीच. सुरक्षिततेत मात्र आहे, एसएमएस नंबरवर येतो त्यामुळे कोणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं की ओटीपी त्याच्याकडे, शिवाय एखादं भुरटं अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी घेऊन बसलेलं असतं ते वेगळंच. ऑथेंटिकेटरचा कोड फोनमध्येच तयार होतो, साधारण ३० सेकंदांत बदलतो, रेंज नसली तरी चालतो. पण फोन हरवला आणि बॅकअप कोड (अशा वेळी खात्यात शिरायला आधीच मिळालेले राखीव कोड) लिहून ठेवले नसतील तर बसा बोंबलत! खोट्या साइटवर स्वतःच कोड टाकलात तर दोन्ही सारखेच. ईमेलसारख्या महत्त्वाच्या खात्यांना अ‍ॅपच लावा, बॅकअप सांभाळायचा कंटाळा असेल तर एसएमएस, काहीच नसण्यापेक्षा बरा.