पहिल्या रिस्टोरेशनला पद्मिनी घ्यावी का? दीड वर्षानंतरचा माझा रिव्ह्यू

सरळ सांगतो, घ्या. पण इंजिन बघून घेऊ नका, पत्रा बघून घ्या. एवढं एक वाक्य जरी कोणी मला आधी सांगितलं असतं ना, तरी माझे साठ-सत्तर हजार आणि चार महिने वाचले असते, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांब लिहितोय.

माझं वय २४, गाव साताऱ्याजवळ, नोकरी पुण्यात. गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. मामाच्या शेजाऱ्यांच्या गोठ्यालगत अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. ४५ हजाराला घेतली. मामा म्हणाला, "अरे एवढ्यात चालती मोटरसायकल आली असती की." पण माझे आजोबा मुंबईत बावीस वर्षं काळी-पिवळी चालवायचे, तीही पद्मिनीच, त्यामुळे पहिली जुनी गाडी कुठली करायची हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आता पद्मिनीच का, याचं कारण नुसतं प्रेम नाहीये. ही गाडी मुळात फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून डिलाइट म्हणून बनायला लागली, मधे प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि थोड्याफार फरकाने तीच बॉडी २००० सालाच्या आसपासपर्यंत चालली. म्हणजे पस्तीसेक वर्षांचा माल एकमेकांना बऱ्यापैकी लागतो. डुक्कर फियाट, म्हणजे डिलाइटच्याही आधीची जुनी गोलसर फियाट, मनात भरलेली असते सगळ्यांच्या, माझ्याही आहे, पण तिचा एक दिवा शोधायला सहा महिने जातात. पहिल्या गाडीला ती नको. पद्मिनीचे क्लच प्लेट, ब्रेक शू, व्हील सिलिंडरचे किट, कार्बोरेटरचे किट असलं सामान मला पुण्यात नाना पेठेत फिरून मिळालं, एका दुकानात नाही, पाच-सहा दुकानं पालथी घालून. जे नाही मिळालं त्यासाठी कुर्ल्याला गेलो. फक्त एक, मुंबईत मिळणारा वापरलेला माल बहुतेक टॅक्सीतून निघालेला असतो आणि टॅक्सीचा स्टिअरिंग बॉक्स किंवा गिअरबॉक्स म्हणजे आधीच लाखो किलोमीटर पळालेला, तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. दाराची हँडलं, काचा, हबकॅप, डिकीचं कुलूप हे खुशाल घ्या. आणि घ्यायचं असेल तर लवकर घ्या, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आता त्या ढिगाऱ्यात नवीन भर पडणार नाही.

इंजिनबद्दल थोडंच लिहितो कारण त्यात त्रास थोडाच झाला. १०८९ सीसी, चार सिलिंडर, सोलेक्स कार्बोरेटर, बॉनेट उघडलं की प्रत्येक गोष्ट डोळ्याला दिसते आणि हाताला लागते. शिकायला याच्याइतकं चांगलं इंजिन नाही असं माझं ठाम मत आहे. ब्लॉक बिडाचा आणि हेड, म्हणजे त्याच्यावरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी कधी तापवलेली असेल तर हेड वाकतं, ते लेथवाल्याकडून फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करून घ्यावं लागतं, मलाही लागलं. बोरिंग, पिस्टन रिंग, गॅस्केट सगळं धरून माझं इंजिनाचं काम ३८ हजारात झालं. आमचे मिस्त्री काका वयाने सत्तरीला आलेत, त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की बाळा, एक वस्तू खोलायची, फोटो काढायचा, पिशवीत घालायची, चिठ्ठी लावायची, मगच दुसरी खोलायची. मी तसंच केलं आणि परत जोडताना एकही बोल्ट उरला नाही.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा आजोबांना खुर्ची टाकून बसवलं होतं. स्टार्टर फिरला, धूर झाला, इंजिन लागलं, आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय आणि आजोबा मान तिरकी करून ऐकतायत. म्हणाले, "तिसरा प्लग मारत नाही बघ." मिस्त्री काकांनी तिसऱ्या प्लगची वायर काढली तर आवाजात काहीच फरक पडला नाही, म्हणजे तोच बंद होता. एवढी वर्षं झाली गाडी सोडून, तरी कान शाबूत. मला रडायला आलं तेव्हा, खरंच.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे खालचा पत्रा सडला म्हणजे नुसतं दिसायला वाईट असं नाही, गाडीचा कणाच गेला. बघायच्या जागा सांगतो. पुढच्या पायाखालचं मॅटिंग उचला, दारांच्या खालची पट्टी आतून बोटाने चाचपा, डिकीत स्टेपनी उचलून खाली बघा, मागच्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) जिथे कान बसतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आणि खिशात एक साधं लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

हे चुंबकाचं मी शिकलो तेव्हा उशीर झाला होता. मी गाडी सुरुवातीला एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे दिली, नाव लिहीत नाही. ॲडव्हान्स घेतला, पाच आठवड्यांत गाडी चकाचक करून दिली, मी घरी पेढे वाटले. पहिला पाऊस झाला आणि ड्रायव्हरच्या दाराखाली तांदळाएवढे फोड आले, दसऱ्यापर्यंत ते रुपयाएवढे झाले. मिस्त्री काकांनी नखाने एक फोड उचकटला तर बोटभर जाडीचा पुट्टीचा खपला पडला आणि आत गंज तसाच, त्याला साधा हातही लावला नव्हता. सगळा रंग परत खरवडला. दुसऱ्या ठिकाणी सडलेला भाग कापून काढला, २० गेजचा नवा पत्रा ठोकून आकार दिला, सीओटू वेल्डिंगने बसवला, वर रेड ऑक्साइड न मारता इपॉक्सी प्रायमर मारला आणि बंद पोकळ्यांमध्ये आतून मेणाचा थर सोडला. या वेळी मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊन उभा राहायचो, प्रत्येक कापलेल्या भागाचा फोटो काढायचो. तुमची गाडी पुट्टीखाली झाकली जाण्याआधी उघडा पत्रा तुम्ही स्वतः बघितलाच पाहिजे, कारागीर कितीही भला असला तरी. पत्रा आणि रंग मिळून एक लाख तीस हजार गेले, म्हणजे इंजिनाच्या तिप्पट-चौपट.

कागदपत्रांचं पण बघा. खूप जणांना वाटतं जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज, आपल्याला सूट मिळेल. व्हिंटेजचा जो नियम २०२१ ला आला त्यात गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात लागते, शिवाय तशी नोंद झालेली गाडी रोज वापरायची परवानगी नसते. १९८४ ची पद्मिनी त्यात बसत नाही. तिचं साधंच री-रजिस्ट्रेशन, फिटनेस करून, दर पाच वर्षांनी, आणि पर्यावरण कर वेगळा. माझ्या गाडीचं आरसी बुक होतं, चासी नंबर जुळत होता, म्हणून तो जुना तीन अक्षरी नंबर टिकला. आरसी नसलेली गाडी फुकट देत असले तरी हात जोडून परत या.

चालवायला कशी आहे? मऊ. पुढे बेंच सीट, स्टिअरिंगला लागून गिअरचा दांडा, सुरुवातीला हात चुकतो मग सवय होते. माझा गिअर दुसऱ्यात टाकताना अडकायचा, मी घाबरलो की गिअरबॉक्स गेला, पण दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या लिंकेजचे बुश झिजले होते, दोन-अडीचशे रुपयांत काम झालं. ब्रेक मात्र चारी चाकांना ड्रम, पाय चांगला जोरात दाबावा लागतो, हायवेला पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. सगळ्यात आधी ब्रेक करा, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. मी उलटं केलं त्याची किंमत वर सांगितलीच आहे.

आणखी एक, पंपावर आता सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. सगळे पाइप इथेनॉल चालणारे बदलून घ्या, पेट्रोल गळलं तर गाडी पेटू शकते, इथे काटकसर नको. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ पंपात अडकते आणि गाडी गपकन बंद पडते. मे महिन्यात पुण्याहून घरी जाताना खंबाटकीच्या अर्ध्या घाटात माझी पडली. बाजूला घेतली, आजोबांना फोन लावला. "पंपावर ओलं फडकं टाक, दहा मिनिटं बस, काही होत नाही." खिडकीत वाळत टाकलेला नॅपकिन बाटलीतल्या पाण्याने भिजवून पंपावर ठेवला, दहा मिनिटांनी एका सेल्फला लागली. तेव्हापासून एक सुती फडकं आणि दोन लिटर पाणी कायम गाडीत असतं.

एकूण खर्च गाडीसकट अडीच लाखाच्या आसपास, वेळ दीड वर्ष. पाचापैकी साडेचार देतो, अर्धा मार्क रबरांसाठी कापला, कारण काचांची आणि दारांची जी बीडिंग नवीन मिळतात ती इतकी कडक असतात की दार दोनदा आपटावं लागतं. मागच्या उजव्या दाराचं मऊ मूळ रबर अजून शोधतोय, पावसाआधी मिळायला पाहिजे, नाहीतर तिथून पाणी आत येऊन परत तोच पत्रा भिजणार. कोणाकडे पडलं असेल, थोडं चिरलेलं असलं तरी चालेल, तर नक्की कळवा, सातारा ते कोल्हापूर कुठेही येऊन घेऊन जाईन.